आधी पाणी कुठून येतं ते शोधा, मग रंगाचा डबा उघडा

पावसाळा सरला की घरोघरी एकच घाई असते: दिवाळीच्या आत रंग व्हायला हवा. चार महिने पाणी प्यायलेली भिंत वरून कोरडी दिसू लागते आणि तिच्यावर पुट्टी, प्रायमर, प्लॅस्टिक पेंटचे दोन हात चढतात. संक्रांतीपर्यंत सगळं छान दिसतं. मग त्याच जागी फुगे येतात, बोट लावलं की पापुद्रा सुटतो आणि आतून मिठासारखी पांढरी भुकटी खाली पडते. रंगारी बदलतो, रंगाची कंपनी बदलते, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

दोष रंगाचा नसतो. नऊ इंची विटांची भिंत आतपर्यंत भिजली की तिला वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात. आतलं पाणी वाळण्यासाठी खोलीच्या बाजूला येतं आणि येताना विटांमधले, सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. भिंतीवर चुना असेल तर ओल निघून जाते आणि मागे डाग राहतो. प्लॅस्टिक पेंटचा थर मात्र तिला अडवतो. पाणी त्याच्यामागेच सुकतं, क्षारांचे खडे वाढत जातात आणि रंगाला आतून ढकलून देतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. घरातली भिंत असो, गच्ची असो की गच्चीवरची कुंडी, दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: पाणी आलं कुठून, आणि त्याला बाहेर जायला वाट आहे का.

ओल कुठली आहे?

दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा डागावर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर ती हवेतली वाफ आहे. तसं असेल तर कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढणं आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा लावणं एवढ्यावर काम भागतं, तोडफोड नको.

भिंतीतूनच ओल येत असेल तर डागाचा आकार बरंच सांगतो. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल तर ओल जोत्यातून चढते आहे. छताच्या कोपऱ्यात डाग असेल तर गच्ची आणि कठड्याचा सांधा बघा. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत असेल तर खिडकी. पलीकडे न्हाणीघर असेल तर ते. आणि भर मे महिन्यातही डाग तितकाच ओला राहत असेल तर तो पाऊस नव्हे, पाइप आहे. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर अर्धा तास बघत राहा. काटा हलला तर भिंतीतल्या पाइपाला गळती आहे.

जोत्यातून चढणाऱ्या ओलीबद्दल स्पष्ट सांगायला हवं: ती रंगाने थांबत नाही, टाइल्स लावून तर मुळीच नाही. तीन फुटांपर्यंत टाइल्स लावल्या की ओल त्यांच्यामागून वर सरकते आणि चौथ्या फुटावर बाहेर पडते. तळमजल्यावरच्या आणि बैठ्या घरांमध्ये याचं कारण पुष्कळदा अंगणात असतं. दरवेळी जुन्याच फरशीवर नवी फरशी, मग पेव्हर ब्लॉक, असं करत अंगणाची पातळी जोत्याच्या बरोबरीला येते. किंवा भिंतीला चिकटून मातीचा वाफा केलेला असतो आणि त्याला रोज पाणी घातलं जातं. अंगण जोत्याच्या माथ्यापेक्षा निदान सहा इंच खाली आणि घराकडून बाहेर उतरतं हवं. वाफा भिंतीपासून दोन फूट पुढे सरकवा, मधल्या पट्ट्यात खडी टाका. कोकणात जांभ्याच्या भिंतींना तर हे सगळ्यात आधी करावं, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि पाणी पटकन ओढतो.

पाण्याचा उगम बंद झाला, की मग भिंत. डागाच्या कडेपासून एक फूट पुढेपर्यंत रंग आणि पुट्टी गिलाव्यापर्यंत खरवडून काढा. गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजला तर तोही काढा. पांढरे क्षार कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा आणि केर सुपलीत गोळा करून टाकून द्या. इथे भिंत धुणं ही नेहमीची चूक. क्षार पाण्यात विरघळून पुन्हा आत शिरतात. पंखा लावून, खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळू द्या आणि प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करा. थेंब येणं थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका, मग दिवाळी उलटून गेली तरी चालेल. नवीन गिलावा केला असेल तर त्याचे २८ दिवस धरावेच लागतात.

त्यानंतर ओलरोधक द्रावणाचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. पुट्टी पातळ लावा. एका हाताला दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको, दोन्ही मिळून तीनच्या आत. खड्डा त्याहून खोल असेल तर तो पुट्टीने नाही, गिलाव्याने भरायचा. जाड पुट्टीला केसासारख्या भेगा पडतात त्या याच कारणाने. घासायला आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ३२०. घासल्यावर ओलसर फडक्याने धूळ पुसून घ्या, कारण धुळीवर मारलेला प्रायमर भिंतीला नाही, धुळीला चिकटतो.

सरकत्या खिडकीची भोकं

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीखाली ओल येणाऱ्या घरांमध्ये एक चूक इतक्या वेळा दिसते की ती जवळून बघायलाच हवी. खिडकीच्या खालच्या पट्टीत, म्हणजे ज्या खोबणीत काचेची झडप सरकते तिथे, बाहेरच्या बाजूला बोटाच्या पेरापेक्षाही लहान दोन-तीन भोकं असतात. जोराच्या पावसात खोबणीत पाणी येणारच, ते बाहेर जावं म्हणून ही भोकं. धूळ, मेलेल्या माश्या, कबुतराची पिसं यांनी ती बुजतात. मग खोबणी भरते आणि पाणी आतल्या कडेवरून खोलीत उतरतं. हे बघून कोणीतरी सिलिकॉनची नळी आणतं आणि बाहेरून दिसेल ती प्रत्येक फट बुजवून टाकतं, त्यात ही भोकंही जातात. आता पाण्याला बाहेरची वाट उरतच नाही.

झडपा उचलून काढा, खोबणी जुन्या टूथब्रशने साफ करा, भोकांतून सायकलची जुनी तार फिरवा. खोबणीत तांब्याभर पाणी ओता. ते अर्ध्या मिनिटात बाहेर पडलं पाहिजे. सिलिकॉन हवं ते चौकट आणि भिंत यांच्यातल्या सांध्यात, बाहेरून, आणि वरच्या व बाजूच्या कडांना आधी. खिडकीबाहेरचा कट्टा बाहेर उतरता आहे का तेही बघा. त्यावर वाटीभर पाणी ओतलं की कळतं. छज्जाच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून इंचभर आत, अर्ध्या इंचाची खाच असायला हवी. ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून थेट भिंतीपर्यंत येतं.

गच्ची

गच्चीच्या बाबतीत पहिला गैरसमज असा की खाली जिथे थेंब पडतो, त्याच्या बरोबर वर भेग असणार. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. भेगेतून शिरलेलं पाणी त्या कोब्यात पसरतं, स्लॅबवरून आडवं वाहतं आणि जिथे स्लॅब कच्चा किंवा जिथून विजेचा पाइप जातो तिथे खाली उतरतं. म्हणूनच पुष्कळदा पहिला थेंब पंख्याच्या हुकाजवळ दिसतो. तसं दिसलं तर आधी त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा.

उगम शोधायला पाणी साठवून बघणं हाच खात्रीचा मार्ग. पावसाळी पाइपाचं तोंड प्लॅस्टिकची पिशवी आणि चिंध्या कोंबून बंद करा. गच्ची मोठी असेल तर मातीचे छोटे बांध घालून तिचे भाग करा. एका भागात दोन इंच पाणी भरून ४८ तास ठेवा, खाली छतावर खडूने ओलीची कड आखत जा, मग पुढचा भाग. कंटाळवाणं काम आहे, पण त्यामुळे संपूर्ण गच्ची उकरण्याचा खर्च वाचू शकतो.

बहुतेक वेळा दोष तीनपैकी एका ठिकाणी सापडतो. पहिलं, गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो कोपरा. तिथे सरळ काटकोन नको, गोलाई हवी, गवंडी तिला वाटा म्हणतात. उन्हाने स्लॅब रोज प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि काटकोनात भेग पडते. दुसरं, पाइपाचं तोंड. ते आजूबाजूच्या पातळीपेक्षा अर्धा इंच खाली असलं पाहिजे, आणि पाइप व कोबा यांच्यातला सांधा हाताने चाचपून बघितला पाहिजे. तिसरं, उतार. आठ फुटांना एक इंच हा चांगला उतार. पाऊस थांबून दिवस झाला तरी डबकं राहत असेल तर त्या जागी उतार मेला आहे.

भेग असेल तर नुसतं सिमेंटचं पाणी ओतून काही होत नाही. भेग छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद करा, निदान सहा मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल. तारेच्या ब्रशने घासा, धूळ फुंकून काढा, पॉलिमर असलेल्या क्रॅक फिलरने भरा. वाळल्यावर त्यावर अॅक्रिलिक वॉटरप्रूफिंगचा एक हात, तो ओला असतानाच चार इंच रुंदीची फायबरची जाळी दाबून बसवा, वर आणखी दोन हात. प्रत्येक हात आधीच्याला आडवा आणि मध्ये चार ते सहा तास अंतर. कठड्यावरही हे थर निदान एक फूट वर चढले पाहिजेत. इथेच बहुतेक कामं फसतात, कारण थर वाट्यापाशी येऊन थांबतो.

मेलेल्या उताराची दुरुस्ती करताना जुन्या कोब्यावर साधा गिलावा ओढू नका. तो धरत नाही, वर्षभरात पापडासारखा सुटतो. आधी पृष्ठभाग टोचून खडबडीत करा, लॅटेक्स (सिमेंटला पकड देणारं दुधी द्रावण) मिसळलेल्या सिमेंटची राप, म्हणजे पातळ लेप, लावा, ती चिकट असतानाच एकास तीनचा माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) लॅटेक्स घालून पसरा आणि सात दिवस पाणी मारा. हे काम दसऱ्यानंतर ते मे अखेरीपर्यंत कधीही करा. जूनच्या तोंडावर, ढग आल्यावर ओल्या गच्चीवर मारलेला महागातला थरसुद्धा फुगून येतो.

आणि कठड्याच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं तर ते नुसतं मोडू नका. मूळ आत राहतं आणि दुप्पट जोमाने फुटतं. भेग उघडून मूळ शेवटपर्यंत काढा, मग भरा.

न्हाणीघराबद्दल थोडंसं. खालच्या मजल्यावर डाग पडला की लोक सगळ्यात आधी टाइल्सचे सांधे भरून घेतात. सांधे भरावेत, पण आधी नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून पाइपात उतरतं ते जाळीखालचं भांडं, तपासा. दोन दिवस न्हाणीघर वापरू नका. डाग सुकू लागला तर दोष सांडपाण्याच्या बाजूला आहे. मग नहाणीचं तोंड बंद करून फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास ठेवा. डाग आला तर फरशी आणि सांधे; न आल्यास नहाणी उघडा, बादली-बादली पाणी ओता आणि मग बघा. आता आला तर ट्रॅप आणि पाइपाचा सांधा. त्याला फरशी फोडण्याला पर्याय नाही, वरून कितीही ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा माल, भरा.

सांधेच दोषी असतील तर पांढरा सिमेंट पुन्हा भरू नका, साबण आणि अॅसिडने तो झिजतो. तीन घटकांचं इपॉक्सी ग्राउट आणा. सांधे किमान दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडा आणि पूर्ण वाळू द्या. माल एका वेळी थोडाच कालवा, कारण तो पाऊण तासात हातात घट्ट होतो. टाइलवर सांडलेला ओल्या स्पंजने लगेच पुसा, दुसऱ्या दिवशी तो पत्र्यानेही निघत नाही.

गच्चीवरची बाग

गच्ची दुरुस्त झाली की कुंड्या परत वर जातात, आणि तिथे वजनाचा विचार कोणीच करत नाही. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतं. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे विटांचा कठडा बांधून गच्चीवर मातीचे वाफे करणं हे बांधकाम अभियंत्याला विचारल्याशिवाय करायचंच नाही. बारा इंची कुंडी नुसत्या मातीने भरली तर वीस-पंचवीस किलो होते. मोठ्या कुंड्या कठड्याच्या कडेने, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे ठेवा. मध्यभाग मोकळा राहू द्या. प्रत्येक कुंडी दोन विटांवर किंवा स्टँडवर, जमिनीपासून दोन-तीन इंच वर हवी, म्हणजे खालची गच्ची वाळते.

कुंडीच्या तळाला खडीचा जाड थर दिला की पाणी छान निचरतं, ही समजूत फार पक्की आहे आणि चुकीची आहे. माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही, ते मातीच्या तळाशी अडून राहतं. खडीच्या थराने फक्त मुळांची जागा कमी होते आणि ओली पातळी मुळांच्या जवळ येते. भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवा, तेवढा पुरे. भोक मात्र बोट जाईल एवढं हवं, बारा इंची कुंडीला तीन-चार.

मातीची चूक प्रांताप्रमाणे बदलते. कोकण, मुंबईची लाल माती पाणी सोडून देते, तिला खत जास्त लागतं. देशावरची काळी माती कुंडीत दगड होते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मध्ये बोटभर फट पडते, आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून निघून जातं. बघणाऱ्याला वाटतं पाणी भरपूर झालं, आणि मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत असतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पुढच्या वेळी कुंडी भरताना चार वाटे माती, तीन वाटे चाळलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, तीन वाटे कोकोपीट, आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट चार-पाच लिटर पाण्यात भिजते आणि फुगून आठ-नऊ लिटर होते. ते पाणी टाकून द्या, पुन्हा एकदा धुवा, मग वापरा. न धुतलेल्या कोकोपीटमधले क्षार कोवळी मुळं जाळतात.

कढीपत्ता पिवळा पडला की लोक खत घालतात. आधी कोणती पानं पिवळी आहेत ते बघा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे, किंवा पाणी साचतं आहे. माती दोन पेरं खोल बोट घालून बघा. नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडांना हे हमखास होतं, कारण मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. अशा वेळी लिटरला दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा मातीत घाला. आंबट ताक पातळ करून घालण्याची रीत आहे, ती वाईट नाही, पण हिराकसची जागा ती घेत नाही.

मोगरा नुसता पानांनी भरतो आणि कळी धरत नाही, त्याला तीन कारणं असतात: ऊन पाच-सहा तासांपेक्षा कमी, नत्राचं खत जास्त, आणि छाटणी झालेली नाही. डिसेंबर अखेरीस पाणी तोडून आठ-दहा दिवस ताण द्या, मग एक तृतीयांश फांद्या छाटा, जुनी पानं काढा, वरची दोन इंच माती बदलून शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. मोगऱ्याची फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून छाटणीची दया येऊ देऊ नका.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी कडुनिंबाचं तेल सगळे वापरतात, पण तेल नुसतं पाण्यात टाकतात. ते वर तरंगतं, फवाऱ्यातून आधी नुसतं पाणी आणि शेवटी नुसतं तेल येतं, त्याने पानं करपतात. पाच मिली तेलात आधी दोन मिली सौम्य साबणाचं द्रावण घोटा, दुधी झाल्यावर लिटरभर कोमट पाणी हळूहळू घाला. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला आणि फांद्यांच्या बेचक्यात फवारा, सात दिवसांनी पुन्हा, एकूण तीनदा. त्याआधी पाण्याच्या जोराच्या धारेने जमेल तेवढी कीड पाडून टाका. आणि मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधून तोडा, कारण त्याच या किडीला राखतात आणि शेजारच्या झाडावर नेऊन सोडतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. प्रत्येक कुंडी एकदा जागची हलवून बघा. जी हलत नाही तिची मुळं भोकातून बाहेर येऊन कोब्यात शिरलेली असतात. ती ओढू नका, कोब्याचा तुकडा सोबत उखडून येतो. कुंडीच्या तळाशी जुन्या करवतीचं पातं सरकवून मूळ कापा, कुंडी बाजूला करा आणि गच्चीतली जागा वर सांगितल्याप्रमाणे भेगेसारखी उघडून, मूळ काढून, भरून घ्या.